इंजिन उतरवायच्या आधी

पेट्रोल गाडी, दोन लाखांवर किलोमीटर, निळा धूर. आणि मेकॅनिक म्हणतोय भंगारबाजारातून सेकंडहँड इंजिन आणून टाकू. थांबा जरा. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, चेक करून घ्या. कमी आलं तर स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा बघा. प्रेशर चढलं तर रिंगा-बोअर, म्हणजे पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची आतली भिंत, गेलेत. नाही चढलं तर बहुधा व्हॉल्व्ह, मग फक्त हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाचंच काम, स्वस्तात सुटाल.

माझ्या गाडीचं हेड काढलं तेव्हा सिलिंडरच्या वरच्या कडेला नख अडकत होतं, म्हणजे भिंत झिजून कंगोरा झाला होता. सिलिंडर आतून थोडा मोठा कापून (बोअर करून) 0.50 मिमी ओव्हरसाइज पिस्टन टाकले. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) शाबूत होता म्हणून परवडलं. ब्लॉकलाच, म्हणजे सिलिंडर असतात त्या मुख्य भागालाच, तडा असता तर मीही इंजिनच बदललं असतं. आणि हो, इंजिन बदललंत तर नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. पक्कं बिल नसेल तर त्या इंजिनाला हातच लावू नका.