अनुभव धागा: बडोद्याच्या घरांतले कोळी आणि जळमटं

पावसाळा सरला की दांडिया बाजारातले जुने वाडे असोत की नवे फ्लॅट, कोपरे जाळ्यांनी भरतात. नवरात्राच्या झाडलोटीआधी करून पाहिलेले उपाय इथे लिहा. नुसतं "स्प्रे मारा" नको. कुठे, कसं आणि का, तेही सांगा.

दांडिया बाजार, जुना वाडा:
चुन्याच्या भिंतीला ओलं फडकं लावूच नका. धूळ भिजून काळा पट्टा उमटतो, तो पुन्हा चुना लावल्याशिवाय जात नाही. आठ-दहा फुटी बांबूला कुंचा बांधा आणि कोपऱ्यात टेकवून एकाच दिशेला गरगर फिरवा, म्हणजे जाळं कुंच्याला गुंडाळलं जातं. नुसतं ओढलंत तर भिंतीला फासलं जातं. आधी तुळयांची वरची बाजू आणि वाशांच्या खाचा, मग भिंती, फरशी सगळ्यात शेवटी. प्लॅस्टिक पेंटवर दमट फडकं चालतं. पंखा आणि ट्यूबलाइटपाशी जाण्याआधी मेन स्विच बंद करा.

अलकापुरी:
जळमटं चार दिवसांत परत येतात, कारण जाळं निघतं आणि कोळी राहतो. कोपऱ्यात उलटा लटकणारा, काडीसारख्या लांब पायांचा, हात लावला की थरथरणारा तो हाच. जुनं जाळं टाकून शेजारी नवं विणतो, म्हणून ढीग साचतो. मादी अंड्यांचा पुंजका तोंडात धरून असते. तिला ग्लासात घेऊन खाली पोस्टकार्ड सरकवा आणि बाहेर सोडा. रात्री भिंतीवर चपटा बसणारा, तळहाताएवढा तपकिरी कोळी जाळं विणतच नाही. तो झुरळं खातो. पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी पांढरी चकती दिसली तर ती अंड्यांची पिशवी; झाडूचा फटका मारू नका, शेकडो पिल्लं असतात. ग्लास पुरत नाही, रुंद डबा घ्या.

मांजलपूर:
अलकापुरीच्या ताईंचं खरं, पण मूळ दिव्यात आहे. पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे कोळी. गॅलरीत 2700 केल्विनचा पिवळसर एलईडी लावा. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक पुट्टीने बुजवा, दाराखाली ब्रशची पट्टी बसवा. कोळी पायांच्या टोकांवर चालतो आणि झुरळासारखं अंग चाटत नाही, म्हणून फरशीवर मारलेल्या औषधाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर ते औषध तिथे वापरूच नका.

फतेहगंज:
बाथरूमच्या टबात कोळी दिसला म्हणून सांडपाण्याच्या जाळीत फिनाइल ओतू नका. तो तिथून येत नाही, वरून पडलेला असतो. गुळगुळीत कडेवर त्याला चढता येत नाही. जुना टॉवेल कडेवरून आत सोडा, आपोआप निघून जातो.

रावपुरा:
"कोळी मुतला" म्हणून अंगावर फोड दाखवतात, तेव्हा कोळ्याचा बहुतेकदा संबंधच नसतो. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा बारीक लांबट किडा अंगावर चिरडला की त्याच्यातला द्रव कातडी भाजल्यासारखी करतो. किडा चिरडू नका, फुंकरीने उडवा, जागा साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. फोड अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे असतील आणि आत ठणकत असेल तर ती नागीण असू शकते. तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर चांगला गुण येतो. तेव्हा हळद लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.