इंग्रजीच्या अंतिम वर्षाची परीक्षा : उत्तराची लांबी आणि गुण – आपले अनुभव

मुंबई विद्यापीठातून बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्या ठाणे-नवी मुंबईतील आजी-माजी विद्यार्थ्यांनी व प्राध्यापकांनी दीर्घोत्तरी प्रश्नांत लांब उत्तराला खरोखर अधिक गुण मिळतात का, याबाबतचे आपले अनुभव येथे लिहावेत. ऐकीव मतांपेक्षा स्वतः पाहिलेले सांगितल्यास यंदा परीक्षेला बसणाऱ्यांना अधिक उपयोग होईल.

ऐरोली, माजी विद्यार्थिनी
आमच्या वेळी तीन तासांत पाच मोठे प्रश्न असत, म्हणजे प्रत्येकी जेमतेम ३६ मिनिटे. निकालानंतर मैत्रिणीने आणि मी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रती मागवून शेजारी ठेवून वाचल्या. शोकांतिकेवरील प्रश्नाला तिने पुरवणी लावली होती, परंतु निम्म्याहून अधिक मजकूर कथानकाचाच होता. माझ्या तीन पानांत प्रत्येक विधानाला नाटकातील एका प्रसंगाचा आधार होता आणि गुणही मलाच अधिक होते.

कळवा, पालक
मुलाचा अनुभव उलट आहे. त्याने दीड पानात नेमके मत मांडले, पण उदाहरण एकही दिले नाही. गुण निम्म्याहून कमी पडले.

ठाणे, निवृत्त प्राध्यापिका
जाड उत्तरपत्रिका हातात आली की वाचण्यापूर्वीच परीक्षकाच्या मनात अपेक्षा तयार होते, हे मी अनेक वर्षे गठ्ठे तपासताना जाणले आहे. २०१७ मध्ये विद्यापीठाने संगणकाच्या पडद्यावर तपासणी सुरू केली (त्या वर्षी निकाल फार रखडले), तेव्हा निदान ती जाडी हाताला जाणवेनाशी झाली. हा प्रश्न केवळ आपला नाही. अमेरिकेतील एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत २००५ मध्ये २५ मिनिटांचा निबंध आला, तेव्हा तेथील एमआयटी या विद्यापीठाचे लेखन-अध्यापक लेस पेरलमन यांनी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध तपासून, लांब निबंधांना अधिक गुण मिळत असल्याचे दाखवले होते. मात्र ज्याने मनापासून वाचले आहे त्याच्याजवळ लिहिण्यासारखेही अधिक असते, त्यामुळे गुण लांबीला मिळाले की अभ्यासाला, हे वेगळे काढणे अवघड आहे. माझ्यापुरते सांगायचे तर, तोच मुद्दा शब्द बदलून तिसऱ्यांदा आला की पुढच्या पानांनी गुण वाढत नसत.

नेरूळ, तृतीय वर्ष
आमच्या सराव परीक्षेत पहिल्या दोन प्रश्नांना पुरवण्या लावणाऱ्या बहुतेकांचा पाचवा प्रश्न अर्ध्या पानातच आटोपला, आणि तेथे गेलेले गुण आधीच्या लांब उत्तरांनी भरून निघाले नाहीत. म्हणून मी आता शेवटच्या पानावर आधी मुद्दे मांडून मगच लिहिते. उत्तर अपुरे राहिल्यास परीक्षक ते मुद्दे विचारात घेतात का, हे येथील प्राध्यापकांनी कृपया सांगावे.