वर्गात काही हरवलं की सगळे एकाच पोराकडे बघतात, मी काय करू?

चौथीच्या_बाई
झेडपीच्या शाळेत आहे, चौथीचा वर्ग. पारधी वस्तीवरचा एक मुलगा आहे, गणितात हुशार, पाढे तोंडपाठ. परवा एका मुलीची कंपासपेटी सापडेना तर मी काही बोलायच्या आत अख्खा वर्ग वळून त्याच्याकडे बघायला लागला आणि शेजारच्या वर्गावरचे सर दारातनंच म्हणाले, मॅडम आधी त्याचं दप्तर बघा. त्या पोराने स्वतःच उठून दप्तर फरशीवर पालथं केलं. दोन वह्या, पेन्सिलीचा तुकडा, खिचडीचं ताट. रोजची सवय असल्यासारखं. पेटी त्या मुलीच्याच बाकामागे पडलेली निघाली. आणि मी काय म्हणाले, तर "चला, पुस्तकं काढा". दोन दिवस झाले तो आलेला नाही, मला झोप नाही. सर सीनियर आहेत, त्यांना काय बोलू? वर्गाला काय सांगू?

जुना_मास्तर
ताई, उद्याच वस्तीवर जा. पट टिकवायला नाही, माफी मागायला, आणि आईबापासमोर मागा. मग तेच वर्गात सगळ्यांदेखत बोला, अपमान चारचौघांत झालाय. सरांना एकटं गाठा. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या, कलम १७ मध्ये मुलाच्या मानसिक छळाला बंदी आहे, छडीपुरतं नाहीये ते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

स्पष्ट_बोलतो
जरा जास्तच होतंय असं नाही वाटत? सर बोलून गेले असतील. लहान पोरं विसरतात.

वस्तीवरची_पोर
नाही विसरत दादा. मी पारधीच, आता नर्स आहे. पाचवीत माझं दप्तर तपासलं होतं, त्या दिवशी बाईंनी कुठली साडी नेसली होती ते अजून सांगते. घरी आम्ही पारधी बोलायचो, मराठी शाळेतच शिकले, मग त्या वयात आपली बाजू मांडणार कशी? आणि ही नजर आजची नाही. १८७१ साली इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या, सोलापूरच्या सेटलमेंटला, म्हणजे या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीला, तारेचं कुंपण होतं, पोलिसांकडे हजेरी लावायची. देश १९४७ ला सुटला, हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षं सोळा दिवसांनी. माझ्या आज्याला आम्ही शाळेत हजेरी घेतात म्हणून सांगितलं की तो गप्प व्हायचा, त्याला हजेरी म्हणजे चौकीच आठवायची. बाई, तुम्ही हे वर्गात शिकवा, पण त्या पोराला उभं करून नको, एवढं सांभाळा.

चौथीच्या_बाई
काल जाऊन आले. मला बघून तो पालात आत पळाला. आई आधी घाबरली, तिला वाटलं मी तक्रार घेऊन आले. माफी मागितली तर तिला कळेना मी हात का जोडतेय. आज वर्गात सगळ्यांसमोर म्हणाले की चूक माझी होती, मी तेव्हाच थांबवायला हवं होतं. दोन मुली रडल्या. सरांशीही बोलले, ते काहीच न बोलता चहा अर्धा टाकून उठले, परत बोलणार आहे.

तो आलाय आज. दप्तर मांडीवर घेऊन बसला होता दिवसभर, खाली ठेवलंच नाही.