अनुभव धागा : तपासणी करताना कुणाला तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का?

मंडळी, नमस्कार.

शाळेत असताना सोलापुरातल्या भैय्या चौकाजवळच्या ब्रिटिशकालीन रेल्वे पुलावरून आमची रोजची ये-जा. खालून मालगाडी गेली की कठड्याला टेकवलेली सायकल आपोआप सरकायची. आजोबा म्हणायचे, "गोऱ्यानं बांधलाय, काही होत नाही." मी एकदा विचारलं, गोरा गेल्यापासून तपासतं कोण? "गप चाल बे," एवढंच उत्तर मिळालं. चाळीस वर्षं झाली, प्रश्न अजून तसाच आहे.

१४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. त्याचं ऑडिट झालेलं होतं आणि शेरा होता किरकोळ दुरुस्तीचा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पडलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसं गेली. रोज हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर उभी असलेली वस्तू होती ती.

तर या धाग्यावर एकच विचारायचंय. पूल, इमारत, लिफ्ट, कारखाना, शाळा, काहीही असो, सरकारी तपासणी होताना तुम्ही स्वतः पाहिली आहे का? पाहिली असेल तर साहेबानं नक्की काय केलं? चांगलं काम दिसलं असेल तर तेही लिहा. ऐकीव नको. कुठल्या ऑफिसचं, कंपनीचं, माणसाचं नाव नको. टक्केवारीच्या गप्पा कट्ट्यावर मारू.

टॉवेलवाला
सुरुवात मीच करतो, कारण माझंच चुकलेलं आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझे थोडे माग आहेत, टेरी टॉवेल काढतो. १८ मे २०२५ च्या रविवारी पहाटे आमच्याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. मालकाचं कुटुंब, कामगाराचं कुटुंब, लहान बाळसुद्धा. ती माणसं तिथंच राहायची. बाहेरच्यांना याचं आश्चर्य वाटलं. आम्हाला नाही, कारण खाली माग आणि वर घर ही सोलापूरची जुनीच रीत आहे. माझे वडील मागाच्या आवाजात झोपायचे, बंद पडला की जाग यायची.

त्या दिवशी दुपारी मी माझ्या शेडमध्ये आलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. मागचा दरवाजा आहे, पण त्याच्यासमोर सुताची पोती छातीपर्यंत. भिंतीवर चार सिलिंडर लटकलेले. एकाचा काटा लाल पट्ट्यात, दुसऱ्याच्या पिनेला गंज. आणि गल्ल्यात कागद काय? सगळं व्यवस्थित असल्याचा बी फॉर्म! २००६ च्या आगीच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारीला आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीनं येऊन बघायचं आणि तो फॉर्म द्यायचा. माझ्याकडे कोण आलं होतं? कुणी नाही. एजन्सीच्या पोरानं फोन केला, "मालक, सिलिंडरचा फोटो टाका." मी टाकला. दोन दिवसांत सही-शिक्क्यासह पीडीएफ आलं. मीही खूश, खाडा नाही, कटकट नाही.

सरकारला शिव्या घालायला माझं तोंड राहिलेलं नाही. पण एक विचारतो. ते पीडीएफ पुढं ज्या टेबलावर गेलं, तिथल्या माणसाला वर्षातून एकदा माझ्या दारात यावंसं का वाटलं नाही?

पोती त्याच दिवशी हलवली. मागचा दरवाजा उघडायला तीन माणसं लागली.

अव्वाचा नातू
टॉवेलवाले मालक, असं उघड लिहायला काळीज लागतं.

आमचं छोटंसं आहे. पूर्व भागात आमच्या गल्लीत चेंबरचं झाकण तुटलं. अव्वानं, म्हणजे माझ्या आजीनं, मोडकी खुर्ची त्यात उलटी घातली आणि वर लाल परकराची चिंधी बांधली. तक्रार केली, नंबर मिळाला. अडीच महिन्यांनी मोबाईलवर मेसेज, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे." अव्वा विड्या वळत दारात बसली होती. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग खुर्ची काढू का?"

वाफेवरचा
मी डाइंगमध्ये बॉयलर अटेंडंट आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडं तपासणी होते आणि खरीखुरी होते, मी दर वर्षी बघतो.

आधी बॉयलर बंद करून थंड करायचा, पाणी काढायचं, मॅनहोल उघडून ठेवायचं. साहेब ओव्हरऑल घालून टॉर्च आणि हातोडी घेऊन आत शिरतो. ठोकत ठोकत जातो, आवाज ऐकतो. कुठं पापुद्रा, कुठं क्षार बसलाय, सगळं बघतो. मग पाणी भरून दाब देऊन टेस्ट. सेफ्टी व्हॉल्व्ह कितीला उडतो ते गेजकडं बघत उभा राहून तपासतो. एका वर्षी त्यानं व्हॉल्व्ह नापास केला. मालक फार विनवण्या करलालते, पण सर्टिफिकेट मिळालं नाही. चार दिवस काम बंद.

का होतं असं? माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं, तिथं साहेब स्वतः आत जातो. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेली सवय आहे. त्याच कारखान्यात वीस पावलांवर विजेचं पॅनेल आहे. त्याला हात लावला की मुंग्या येतात. तिथं एकोणीस वर्षांत कुणी टॉर्च मारलेली मी पाहिली नाही.

निवृत्त जेई
मी पलीकडच्या बाजूचा, ज्युनिअर इंजिनिअर (जेई) होतो. जिल्ह्याचं नाव सांगत नाही, पण तीस वर्षं हेच काम केलं. चार गोष्टी सांगतो, मग शिव्या द्या.

पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी करायची असते. तीन पेठा, माणूस एक, मुदत पंधरा दिवस, आणि त्यात निवडणुकीची ड्युटी. मग काय होतं? मागच्या वर्षीची यादी काढतात, पडलेली घरं वगळतात, तारीख बदलतात. मीही केलंय. लाज वाटते, पण केलंय.

तरी ज्या वर्षी खरंच फिरलो, तेव्हाचं सांगतो. हातोडीनं खांब वाजवायचा. चांगलं काँक्रीट ठण्ण वाजतं, आतून सुटलेलं भद्द. गजाला गंज चढला की तो फुगतो आणि वरचं काँक्रीट फोडतो, म्हणून गजाच्या रेषेत उभी चीर दिसली की समजायचं. यासाठी मोठी विद्या लागत नाही. काँक्रीटची ताकद तपासायचं रिबाउंड हॅमर नावाचं उपकरणही आमच्याकडं होतं. कपाटात होतं. कपाटाची चावी बदलून गेलेल्या साहेबांबरोबर गेली होती.

आता खरी अडचण ऐका. जुन्या वाड्यात भाडेकरू असतात, भाडं महिना चाळीस-पन्नास रुपये. मालकाला वाटतं इमारत सी-१ मध्ये जावी, म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. भाडेकरूंना वाटतं सी-२बी व्हावी, म्हणजे आत राहून दुरुस्ती. दोघंही आपापल्या इंजिनिअरचा रिपोर्ट आणतात. एकात वाडा आज पडणार असतो, दुसऱ्यात अजून वीस वर्षं उभा राहणार असतो. महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची, धोकादायक इमारतीची नोटीस चिकटवली की मी मालकाचा दलाल, नाही चिकटवली आणि पडली की मी निलंबित. म्हणून साहेब लोक मधला रस्ता काढतात. नोटीस द्यायची आणि पुढं काहीच करायचं नाही. दर वर्षी मे महिन्यात तीच नोटीस, त्याच भिंतीवर. एका वाड्यात मी मोजल्या, एकावर एक सात होत्या.

पेठेतली भाडेकरीण
काका, तुमचं पटलं, पण अर्धंच. आम्ही सव्वीस वर्षं भाडेकरू. आम्हाला काय पडक्या घरात मरायची हौस आहे? रिकामं केल्यावर परत जागा मिळेल असं लेखी द्यायला कुणी तयार नसतं, म्हणून लोक चिकटून बसतात. आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं ऑडिट मालकानं करून द्यायचं असं २६५अ सांगतं ना? आमच्या मालकाला त्यासाठी एकदाही कुणी विचारलेलं नाही. नोटीस मात्र आमच्या दारावर.

निवृत्त जेई
खरंय ताई. दाराला चिकटवणं सोपं असतं.

जुळे सोलापूर
आमच्या लिफ्टचं लायसन्स फ्रेममध्ये लावलेलं आहे. त्यावर सहा व्यक्ती. आतल्या पाटीवर चार. बाहेरच्या चिठ्ठीवर "तीनपेक्षा जास्त चढू नये, सेक्रेटरी". आम्ही जिन्यानं जातो.

गुरुजी
खेड्यातली जिल्हा परिषद शाळा, दोन खोल्या वाईट. स्लॅबचे पापुद्रे बाकावर पडायचे. सकाळी पोरं यायच्या आत मी झाडून घ्यायचो, म्हणजे घाबरणार नाहीत. आता वाटतं, झाडायला नको होतं.

अभियंता आला, फोटो काढले, "वापर करू नये" असं लेखी दिलं. इथपर्यंत उत्तम. पण वापरायची नाही म्हणजे बसवायचं कुठं, ते त्या कागदात नव्हतं. खोली पाडायची तर निर्लेखन, म्हणजे ती कागदोपत्री रद्द करणं, मंजूर व्हावं लागतं. निर्लेखन झाल्याशिवाय नव्या खोलीचा प्रस्ताव पुढं सरकत नाही. तोवर तिसरी-चौथी लिंबाखाली. जानेवारीत ठीक, पण सोलापूरचा मार्च-एप्रिल तुम्हाला माहीत आहे. बेचाळीसच्या उन्हात पोरं स्वतःच उठून त्या खोलीत जाऊन बसायची. मी त्यांना बाहेर काढायचो, ती परत जायची. मधल्या काळात वर्षातून दोनदा माहिती भरायची असते, "धोकादायक वर्गखोल्यांची संख्या". मी दर वेळी दोन लिहिलं. कुठंतरी मुंबई-पुण्यात त्या दोनाची बेरीज होत असेल.

डबल बेल
एसटीत कंडक्टर. २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्री नदीवरचा पूल गेला, रात्रीच्या पुरात आमच्या दोन गाड्या घेऊन. १९२८ चा पूल होता. त्यानंतर बरेच दिवस पूल आला की ड्रायव्हर गिअर बदलायचा आणि गाडीतली माणसं गप्प व्हायची.

चांगलं लिहा म्हणालात म्हणून सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा लांबोटीजवळ पुणे हायवे बंद केला, वडकबाळला विजापूरकडचाही. माझी गाडी लांबोटीच्या अलीकडं अडकली. प्रवासी ओरडत होते, "पाणी तर अजून खाली आहे, जाऊ द्या की!" बॅरिकेडवरचा हवालदार पोरगेला होता, बहुतेक नवीन. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या पण हलला नाही. गाडीत एकीकडं शेंगाचटणी आणि कडक भाकरी फिरत होती आणि दुसरीकडं त्याच्या सात पिढ्या निघत होत्या. सावित्रीवर त्या रात्री असा एक पोरगा उभा असता तर?

होम मैदान
मी तपासणी पाहिलीये! गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या वेळी दोन सीझन पाळण्यावर कामाला होतो. एक बुटके साहेब आले. मालक म्हणाला, चहा घ्या. साहेब म्हणाले, आधी वाळूची पोती भर. प्रत्येक पाळण्यात माणसांच्या वजनाची पोती भरून अर्धा तास फिरवायला लावलं. मग मला वर चढवून एकेक पिन हलवून दाखवायला सांगितली. दोन पिना बदलायला लावल्या. त्यानंतर चहा घेतला, तोही स्वतःच्या पैशानं. मालक आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होता. त्या सीझनला मी माझ्या बहिणीला फुकट बसवलं, बिनधास्त.

अठ्ठावीस दिवस
थोडा कामाचा अनुभव. आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. मी माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण २००५ च्या कायद्याच्या कलम २(ञ) प्रमाणे नुसते कागद मिळतात असं नाही. कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. हे सांगितलं तर बाई म्हणाल्या, "म्हणजे खडी देऊ का तुम्हाला?" म्हटलं, द्या की.

खडी मिळाली नाही. क्यूब टेस्टचा रिपोर्ट मिळाला. ओतलेल्या काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे करून पाण्यात ठेवतात आणि सात व अठ्ठावीस दिवसांनी दाबून फोडतात. त्यावरून ताकद ठरते, त्यावरून बिल निघतं. आमच्या रिपोर्टमध्ये अठ्ठावीस दिवसांची ताकद अगदी छान होती. ठोकळा भरल्याची तारीख ३ आणि फोडल्याची २२, महिना तोच. मी तीनदा बोटांवर मोजलं. मग बायकोला मोजायला लावलं.

त्यावर तिघांच्या सह्या होत्या. कुणालाही एकोणीस आणि अठ्ठावीस वेगळे वाटले नाहीत. मी अपील केलंय, सुनावणी व्हायची आहे.

टॉवेलवाला
अठ्ठावीस दिवस, हे असलं बघायचं कसं ते आम्हाला शिकवा ना. अर्ज करून महिना वाट बघायलाच पाहिजे का?

अठ्ठावीस दिवस
नाही, मालक. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात ऑफिसात जाऊन फायली बघता येतात. मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा हाकललं, दुसऱ्यांदा निर्णयाची प्रत दाखवल्यावर खुर्ची दिली.

धागाकर्ता
मग येत्या सोमवारी जायचं का? गुरुजींच्या खोल्यांची फाईल, ताईंच्या वाड्याची नोटीस आणि टॉवेलवाल्यांचं पीडीएफ कुठल्या टेबलावर थांबलंय ते, एवढं तरी बघू. जेई काका, तुम्ही आलात तर बरं, आम्हाला शेरे वाचता येत नाहीत. पावणेतीनला महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या फाटकाशी भेटू. चहा माझ्याकडून.

निवृत्त जेई
येतो. चष्मा आणि हातोडी दोन्ही आणतो.

पेठेतली भाडेकरीण
मला चारला चालेल का? आमच्याकडं सोमवारी पाणी आहे, पाचव्या दिवशी येतंय.