नव्या घरात जुने घर : खान्देशातील अनुभव

चोपडा तालुक्यातील आमचे धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर गेल्या वर्षी उतरवले आणि आता त्याच जागेवर स्लॅबचे घर उभे राहत आहे. जुन्या घराचा बाज नव्यात कसा आणावा हे सुचवणारे पुष्कळ भेटतात, राहून पाहिलेले मात्र थोडेच. म्हणून खान्देशात ज्यांनी असा प्रयत्न केला आहे, त्यांनी काय टिकले आणि काय फसले हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

अमळनेर

आजोबांच्या घराचे चार सागवानी खांब, त्यांची दगडी उथळी (खांबाखालचे बैठे दगड) आणि पुढच्या दाराची चौकट आम्ही राखली. स्लॅबचा भार काँक्रीटवरच आहे. लाकडी खांब ओसरीपुढच्या कौलारू पडवीला तेवढा आधार देतात. लाकडावर ऑइल पेंटचे इतके थर होते की ते सोलून काढण्यातच सुताराचे सहा दिवस गेले, आणि आत दडलेल्या खिळ्यांनी करवतीची दोन पाती खाल्ली. पॉलिशऐवजी केवळ जवसाचे तेल चोळले, ते योग्य ठरले. चौकट मात्र जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीची आहे. "वरून फळी जोडून उंच करून देतो, भाऊ," असे सुतार म्हणाला होता. मी नको म्हटले. पहिल्याच महिन्यात जावईबापूंसह तिघांची कपाळे शेकली. आता घरचे सगळे सवयीने वाकतात आणि कुरिअरवाला बाहेरूनच हाक मारतो.

धुळे

चुन्याच्या गिलाव्याविषयी लिहितो, कारण त्यात आमचे पैसे बुडाले. साधा चुना सिमेंटप्रमाणे पाण्याशी संयोग होऊन नव्हे, तर हवेतील कार्बन डायऑक्साइड सावकाश शोषून घट्ट होतो, आणि तोवर भिंतीत ओल टिकावी लागते. आमच्या ठेकेदाराने गूळ आणि बेलफळाचा गर घालण्याचा थाट यथासांग केला, पण काम काढले एप्रिलच्या अखेरीस. त्या झळांमध्ये गिलावा घट्ट होण्याआधीच वाळला. बोट फिरवले की पिठासारखी भुकटी हाताला लागे. पश्चिमेची भिंत पूर्ण खरवडावी लागली. दिवाळीनंतर त्याच गवंड्याने, त्याच मिश्रणाने काम केले. फरक इतकाच, की तीन आठवडे भिंतीवर ओली गोणपाटे टांगली. ती भिंत आजही शाबूत आहे.

शहादा

आम्हाला अंगणाला लागून एक खोली मातीची, सारवलेली हवी होती. सासूबाईंनी अहिराणीत एवढेच विचारले, "जुनं घर तुमले गोड लागस, पन सारवाले कोन येई?" त्या खोलीत शहाबादी फरशी बसवली.

पारोळा

जुन्या धाब्यावर कडीपाटावर (लाकडी तुळया आणि फळ्यांवर) खाऱ्या मातीचा जाड थर असे, म्हणून मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी दुपारी आत झोप लागत असे. स्लॅबला ती सोय नाही, हे आम्ही आधीच मान्य केले. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवली आणि पश्चिमेची भिंत दीड फूट जाडीची घेतली. वीटकाम वाढले, खर्चही वाढला, परंतु त्या जाडीतच देवळ्या आणि कोनाडे काढता आले. पातळ भिंतीवर नंतर चिकटवलेले कोनाडे मला तरी नाटकातल्या नेपथ्यासारखे वाटतात.

एक चूक मात्र झाली. बैठकीतला मोठा कोनाडा कानबाईसाठी, म्हणजे श्रावणात घरोघरी बसवतात त्या खान्देशी देवीसाठी, योजला होता. नकाशा काढणाऱ्याने तो टीव्हीच्या हिशेबाने आखला आणि आम्हीही माप न पाहता होकार दिला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंद जमले, रोटांसाठी गहू दळून आले, आणि आजीचा चौरंग कोनाड्यात शिरेना. दोन इंच कमी पडले. त्या वर्षी कानबाई कोनाड्यापुढे, जमिनीवर मांडलेल्या चौरंगावर बसली. भिंत फोडण्यास घरात कोणी तयार नाही आणि आजीचा चौरंग कापण्यास मी तयार नाही, त्यामुळे यंदाही ती तिथेच बसेल.