घोडी सांभाळून घरकाम
वर कुणी विचारलंय, घोडी पाळली तर रविवारी घरकामाला वेळ उरतो का? उरतो, पण सकाळ तिची. आम्ही शहाद्याकडचे, उन्हाळ्यात उजाडायच्या आत खोगीर चढवतो, नऊनंतर तापीकाठ नुसता भाजून काढतो. परतल्यावर लगेच चंदी, म्हणजे दाणा, देऊ नका. आधी हळूहळू चालवून अंग निवू द्या, मग खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. खुराच्या खाचेतले खडे-चिखल रोज काढायलाच हवेत, तिथे ओल कुजली की घोडी लंगडते. मग धुणं, दळण, दुपारी कळण्याची भाकरी न् ठेचा. घ्यायचीच असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत या. जाणकार सोबत आणा, आणि रंगरूपाआधी पाय बघा.