'निस्तार'ला मराठी शब्द काय?

मुळाक्षर: वनहक्क कायद्यावरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणतेय. मुळात 'निस्तार' होतं, मीही तेच ठेवलं. संपादकांनी खोडून 'रूढिप्राप्त हक्क' केलं. म्हणे, कुणीतरी घोळ निस्तरतंय असं वाटतं. काय ठेवू?

वैनगंगाकाठ: निस्तारच. 2006च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये हाच शब्द आहे. सरपण, कुंपणाला बांबू, नांगराला लाकूड, गुरांना चराई, सगळं त्यात आलं. आमची आजी म्हणायची, "निस्ताराचा बांबू हाय, चोरीचा नाई." रूढिप्राप्त म्हटलं असतं तर तिला एखादा आजार वाटला असता.

शुद्धमती: पण प्रमाण मराठीत निस्तरणे म्हणजे निभावणे. मूळ संस्कृत, तरून जाणे.

वैनगंगाकाठ: मग बरोबरच की! पावसाळा तरून जायला सरपण लागतंच.

जुना दप्तरी: महसुलात हयात गेली माझी. 1966च्या जमीन महसूल संहितेत कलम 161 म्हणजे निस्तार पत्रक, गावातली मोकळी जमीन कुणी कशी वापरायची त्याची योजना; 165 म्हणजे वाजिब-उल-अर्ज, गावच्या वहिवाटींची नोंद. एका तालुक्यात बदलून आलेल्या साहेबांनी निस्तार पत्रकं 'निकाली प्रकरणे' लिहिलेल्या गठ्ठ्यात बांधायला लावली होती. हिंदीतलं निस्तारण डोक्यात! सोडवताना माझे दोन दिवस गेले.

कुलाबकर: आमच्या रायगडात कातकरी-ठाकरांची 'दळी' असते, तेच ना हे?

वैनगंगाकाठ: नाही हो दादा. दळी म्हणजे डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन. तशी जमीन कसली की आमच्याकडे जबरानजोत म्हणतात. जबरान, म्हणजे जबरदस्तीनं! कसणाऱ्यानं स्वतःला हे नाव दिलं असेल का? निस्तारचंही तेच. वडिलांकडच्या पावतीवर 'निस्तार सवलत' छापलंय. सवलत काढून घेता येते. म्हणून 'निस्तार हक्क' लिहा, हक्क गाळू नका.

शुद्धमती: हक्क अरबी आहे. अधिकार म्हणा.

जुना दप्तरी: अधिकार साहेबाला असतो, बाई.

कुलाबकर: बांबू तरी झाड की गवत?

जुना दप्तरी: 1927च्या वन कायद्यात झाड, 2006च्या कायद्यात गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारा माल. 2011मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक मिळालं, तेही केंद्रीय मंत्री गावात आले तेव्हा. 1927च्या कायद्यातून 'झाड' निघालं 2017मध्ये.

मुळाक्षर: मंडळी, सोमवारी मजकूर द्यायचाय...

शुद्धमती: बांबू नका लिहू हं. वेळू.

कुलाबकर: आमच्यात कळक.